मेलेल्या माणसाचं मृत्युपत्र

फ्लॉरेन्समधला एक ऐश्वर्यवंत वाडा. सन 1299, सप्टेंबरची पहिली तारीख. पलंगावर म्हातारा बुओझो दोनाती नुकताच मेला आहे आणि पलंगाभोवती गुडघे टेकून त्याचं गणगोत रडतं आहे. चुलत बहीण झीता आहे, गोतावळ्यातला सर्वांत वडीलधारा सिमोने आहे, त्याचा मुलगा आणि सून आहेत, पुतण्या गेरार्दो बायकोपोरासह आला आहे आणि सिन्या गावाहून आलेला, अंगावर धड कपडे नसलेला मेहुणा बेत्तो आहे. हुंदके एकापाठोपाठ एक, जणू वाटून दिल्यासारखे येतात. मग बेत्तो शेजारच्याच्या कानाशी लागतो. सिन्यात लोक काय बोलतात ते त्याला सांगायचं असतं. कानातून कानात कुजबुज फिरते. म्हाताऱ्याने म्हणे सगळं मठातल्या साधूंना देऊन टाकलंय! त्या क्षणी रडणं थांबतं. माणसं उठतात, कपाटं उघडतात, खण उपसतात, कागदांच्या चळती जमिनीवर फेकतात. या धांदलीत बेत्तो चांदीच्या वस्तूंवर हात मारतो. ज्याच्यासाठी अश्रू ढाळले, त्याच्याकडे आता कुणी वळूनही बघत नाही.

जाकोमो पुच्चिनीच्या ‘जान्नी स्कीक्की’ या ऑपेराची ही सुरुवात आहे. एकच अंक, एकच खोली, साधारण पंचावन्न मिनिटांचा खेळ. आपल्या संगीत नाटकात गद्य संवादांच्या मधे पदं येतात. इथे मात्र टोमणा, शिवी, हिशेब, कुजबुज सगळं सुरात आहे. ‘ला बोएम’, ‘तोस्का’, ‘मादाम बटरफ्लाय’ लिहून प्रेक्षकांना रडवणाऱ्या या संगीतकाराने साठीच्या उंबरठ्यावर लिहिलेली ही एकमेव निखळ विनोदी कृती. वारशासाठी भांडणाऱ्या नातेवाइकांवर नाटकं पुष्कळ झाली. माझ्या मते त्या सगळ्यांत ही सर्वांत नेमकी आहे, कारण हाव कशी वागते हे ती बारकाव्याने दाखवते आणि ते करताना कायद्याचं यंत्र आतून उघडून दाखवते.

संगीतापासूनच बघू. वाद्यवृंद सुरू होतो तो धावत्या, घाईच्या सुरांनी. पडदा उघडताच तेच सूर मंदावतात आणि शोकाचे होतात. पुच्चिनीने दुःखासाठी एक चाल आणि हावरेपणासाठी दुसरी असं केलेलं नाही. सुरांचे तेच ठिपके हळू वाजले की सुतक आणि भरभर वाजले की शोधाशोध. नातेवाईक ढोंगी आहेत हे कुणी सांगण्याआधीच कानाला कळलेलं असतं. शोक आणि लोभ इथे एकाच मातीचे आहेत.

मृत्युपत्र सापडतं ते तरुण रिनुच्चोला. तो झीताचा भाचा. या सगळ्या गोतावळ्यात त्यालाच पैशापलीकडचं काहीतरी हवं आहे. लाउरेत्ता नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं आहे, म्हणून वारशाची गुंडाळी हातात धरून तो अट घालतो की वाटणी मनासारखी झाली तर लग्नाला हो म्हणा. त्या घडीला झीता कशालाही हो म्हणाली असती. ती म्हणतेही. मग वाचन. हे वाचन प्रेक्षकांना ऐकू येत नाही. सगळे झीताच्या खांद्यावरून डोकावतात, ओठ हलतात आणि चेहरे क्रमाक्रमाने पडत जातात. वाचायला बसण्यापूर्वी सिमोनेने उदार होऊन मृताच्या उशाशी मेणबत्त्या लावलेल्या असतात. वाचन संपल्यावर तो उठतो आणि त्या एकेक करून विझवतो. एक शब्दही न बोलता केलेली ही कृती मला या नाटकातल्या सगळ्या विनोदांपेक्षा थोर वाटते.

सगळं खरोखरच सान्ता रेपाराताच्या साधूंना गेलेलं असतं. आता या कचाट्यातून कोण सोडवणार? रिनुच्चो म्हणतो, जान्नी स्कीक्की. लाउरेत्ताचा बाप. नाव ऐकताच दोनाती मंडळी नाकं मुरडतात. स्कीक्की खेड्यातून शहरात आलेला, पैसा नाही, कूळ नाही, मुलीला द्यायला हुंडा नाही. इथे रिनुच्चो एक मोठं गाणं गातो आणि ते फ्लॉरेन्सच्या स्तुतीचं असतं. हे शहर फुलतं ते बाहेरून आलेल्या माणसांमुळे, असं तो ठणकावतो. व्हाल द’एल्साहून आर्नोल्फो आला, मुजेल्लोहून जोत्तो आला. हे दाखले नुसते शोभेचे नाहीत. ज्या सान्ता रेपाराताला बुओझोने इस्टेट लिहून दिली, त्याच जुन्या चर्चच्या जागी 1296मध्ये नव्या कॅथीड्रलचं काम सुरू झालं होतं आणि त्याचा स्थपती हाच आर्नोल्फो दि काम्बियो होता. पुढे 1334मध्ये त्या कॅथीड्रलच्या घंटाघराचं काम जोत्तोकडे आलं. म्हणजे ज्या शहराचा दोनातींना गर्व, ते शहर उभं करणारे हात बाहेरचे होते. वारशाच्या भांडणामागे आणखी एक भांडण आहे हे इथे उघड होतं. जुन्या घराण्यांना शहर आपलं वडिलोपार्जित वाटतं आणि नव्याने आलेल्यांना ते कमावायचं असतं.

स्कीक्की येतो, मंडळींचे पडलेले चेहरे बघतो आणि क्षणात ओळखतो की हे दुःख मरणाचं नव्हे. झीता त्याच्या तोंडावर म्हणते की बिनहुंड्याची पोर घरात घेणार नाही. तोही भडकतो, मुलीचा हात धरून निघतो. आणि इथे येतं ते गाणं, जे ऑपेराचं नावही न ऐकलेल्यांच्या कानावर कधी ना कधी पडलेलं असतं. लाउरेत्ता बापाची मनधरणी करते. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. 1985च्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या चित्रपटात किरी ते कनावाच्या आवाजात ते वाजलं आणि जगभर पोचलं. जाहिरातींत, लग्नसमारंभांत, मैफलींच्या शेवटी लोक ते भक्तिभावाने ऐकतात. पण शब्दांचा आशय काय? मला अंगठी घ्यायला जायचंय, तो मला आवडतो, आणि लग्न होऊ दिलं नाहीस तर पोन्ते व्हेक्यो पुलावर जाऊन आर्नो नदीत उडी टाकीन. ही सरळसरळ धमकी आहे. मेलोड्रामाचं सगळं साहित्य त्यात आहे. नदी, आत्महत्या, बापापुढे पसरलेला पदर. नाटकात ते गाणं एक काम करतं. नाही म्हणणाऱ्या बापाला ते हो म्हणायला लावतं.

म्हणून ते गाणं खोटं आहे का? नाही, आणि पुच्चिनीची करामत इथेच आहे. चाल अस्सल आहे, त्यात थट्टेचा लवलेश नाही. एकवीस वर्षांची एखादी मुलगी खरोखर अशीच गाईल. नातेवाइकांचं रडणं ढोंगी आणि लाउरेत्ताचं रडणं खरं, तरी दोन्ही रडण्यांमागे काहीतरी मिळवायचं आहे. हा फरक संगीत दाखवतं आणि निवाडा आपल्यावर सोडतं. हीच चाल काही मिनिटांपूर्वी रिनुच्चोच्या शहरस्तुतीत वाद्यवृंदातून येऊन गेलेली असते. जो प्रेक्षक आधी सावध असतो त्याला ती ओळखता येते.

स्कीक्की मृत्युपत्र वाचतो. काही करता येणार नाही, म्हणतो. पुन्हा वाचतो. मग तो मुलीला गच्चीवर पाठवतो, पाखराला दाणे घाल म्हणून. हे वाक्य सहज निसटून जातं, पण पुढे जे घडणार आहे त्यात मुलीचा हात असू नये ही बापाची काळजी त्यात आहे. मग तो विचारतो, बुओझो गेल्याचं बाहेर कुणाला ठाऊक आहे? कुणालाच नाही. तेवढ्यात दारावर थाप पडते. डॉक्टर स्पिनेलोच्चो, बोलोन्याचा. इटालियन लोकनाट्यात बोलोन्याचा पढतपंडित हे ठरलेलं सोंग आहे आणि प्रेक्षक त्याला बघताक्षणी ओळखतात. स्कीक्की पलंगाच्या पडद्याआडून बुओझोच्या थरथरत्या आवाजात सांगतो की बरं वाटतंय, संध्याकाळी या. डॉक्टर खूश होऊन स्वतःच्या विद्येची फुशारकी मारत निघून जातो. आवाजाची परीक्षा झाली. रोज बघणारा डॉक्टर फसला तर नोटरी का फसणार नाही?

बेत उलगडतो. बुओझोचं प्रेत शेजारच्या खोलीत हलवायचं, पलंगावर स्कीक्कीने झोपायचं, डोक्याला फडकं, हनुवटीवर रुमाल, खोलीत अंधूक उजेड, आणि नोटरीला बोलावून नवं मृत्युपत्र करायचं. मंडळी हर्षाने वेडी होतात. लगेच वाटणी सुरू होते. एम्पोलीची जमीन, प्रातोची जमीन, फुचेक्यो, फिल्यीने, क्विन्तोले अशी एकेक जागा एकेकाच्या तोंडून येते आणि कुणाचा कुणाला विरोध नसतो. उरतात तीन चिजा: तोस्कानातलं सर्वांत उत्तम, तीनशे फ्लोरिन किमतीचं खेचर, हा फ्लॉरेन्सचा वाडा आणि सिन्याच्या गिरण्या. या तिन्हींवरून मात्र ठिणगी पडते. भांडण ऐन रंगात येतं आणि बाहेर मयताची घंटा वाजते. बातमी फुटली की काय? सगळे थिजतात. चौकशीत कळतं, दुसऱ्याच कुणाचं मरण. जीव भांड्यात पडतो आणि ते सिमोनेच्या सूचनेवरून ठरवतात की या तीन गोष्टींचा निवाडा स्कीक्कीच्या प्रामाणिकपणावर सोडावा. मग प्रत्येक जण कपडे चढवायच्या निमित्ताने त्याच्याजवळ येतो आणि कानात लाच पुटपुटतो. खेचर, वाडा आणि गिरण्या मला दे, इतके देईन. स्कीक्की प्रत्येकाला हो म्हणतो.

आता कायदा. बिछान्यात शिरण्याआधी स्कीक्की सगळ्यांना गंभीरपणे बजावतो. मृत्युपत्रात एकाच्या जागी दुसरा उभा करणाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना या शहरात शिक्षा आहे. हात तोडायचा आणि शहराबाहेर हाकलायचं. खिडकीतून दिसणाऱ्या बुरुजाकडे बघत, बाहीतला पंजा आत ओढून, तो शहराला निरोप देणारी एक छोटी चाल शिकवतो आणि सगळे घाबरून त्याच्या मागोमाग ती म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे नुसतं भय दाखवणं. खरं तर या क्षणी सापळा लावला गेला. पुढे जे होणार त्याविरुद्ध ब्रही काढायचा नाही, कारण तोंड उघडलं की स्वतःचाच हात जाणार, हे त्याने त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं.

नोटरी येतो. बरोबर दोन साक्षीदार, एक मोची, एक रंगारी. आपल्याकडच्या 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. शतकं आणि देश बदलले तरी मेल्यानंतरच्या इच्छेला जिवंतपणी दोन त्रयस्थ डोळ्यांचा आधार हवा ही समज तीच राहिली. मोची आणि रंगारी हे दोघे ‘बुओझो’ला बघून डोळे पुसतात. या संपूर्ण खोलीत मृतासाठी खरं वाईट वाटलेले बहुधा हेच दोघे. स्कीक्की पडद्याआडून सांगतो की हाताला लकवा झाला आहे, नाहीतर स्वतःच लिहिलं असतं. नोटरी लॅटिनमध्ये सुरुवात करतो. आधीचं मृत्युपत्र रद्द. नातेवाईक वाहवा करतात. अंत्यविधी साधा, दोन फ्लोरिनांत उरका. पुन्हा वाहवा, केवढा विनय! साधूंना पाच लिरे. नोटरीला हे थोडं वाटतं, पण मरणाऱ्याने फार दिलं तर लोक म्हणतात पैसा चोरीचा होता, असं उत्तर मिळतं. मग ठरल्याप्रमाणे जमिनी एकेकाला जातात आणि प्रत्येक जण आभार मानतो.

नंतर खेचर. ते जातं माझा जिवलग मित्र जान्नी स्कीक्की याला. सिमोने न राहवून म्हणतो, स्कीक्कीला त्या खेचराचं काय करायचंय? पलंगातून शांत उत्तर येतं की स्कीक्कीला काय हवं ते मला ठाऊक आहे. मग वाडा, तोही त्याच मित्राला. आरडाओरडा सुरू होतो. नोटरी चकित. आणि पडद्याआडून गुणगुणलं जातं ते मघाचंच निरोपगीत. तुटलेल्या हाताची आठवण. सगळे गप्प. शेवटी सिन्याच्या गिरण्या. स्कीक्की इथे वाक्यामधेच थांबतो, दोन ओळी गुणगुणतो, पुढचा शब्द उच्चारतो, पुन्हा गुणगुणतो. नोटरीला वाटतं मरणाऱ्याचं मन भरकटतंय, नातेवाइकांना ठाऊक आहे की प्रत्येक सुरात कुऱ्हाड आहे. एकाच चालीचे दोन श्रोते आणि त्यांचे दोन अगदी वेगळे अर्थ. रंगभूमीवर गाण्याचा इतका काटेकोर नाट्योपयोग मला फार थोड्या ठिकाणी सापडला आहे. आणि वर कळस म्हणजे तो झीताला फर्मावतो की तुझ्या पिशवीतून साक्षीदारांना वीस फ्लोरिन आणि नोटरीला शंभर दे. लुबाडणुकीचा खर्च लुबाडली गेलेली बाई भरते.

नोटरी गेल्यावर जो दंगा होतो, त्यात मंडळी जे हाताला लागेल ते उचलतात आणि स्कीक्की काठी घेऊन त्यांना ‘माझ्या’ घरातून हाकलतो. गच्चीवर रिनुच्चो आणि लाउरेत्ता, खाली उन्हात फ्लॉरेन्स. स्कीक्की परत येतो, दोघांकडे बघतो आणि प्रेक्षकांकडे वळून गाणं सोडून बोलू लागतो. बुओझोचा पैसा याहून चांगल्या कामी लागला असता का, असं विचारतो. या खोडीबद्दल मला नरकात पाठवलं गेलं, ते असो, पण थोर दान्तेबाबांच्या परवानगीने आज रात्री तुमची करमणूक झाली असेल तर शिक्षेत थोडी सूट द्या. पडदा.

त्याच्या या बोलण्यामागे खरोखरच एक खटला आहे. कवी दान्तेच्या ‘इन्फेर्नो’च्या तिसाव्या सर्गात, नरकाच्या आठव्या वर्तुळातल्या अगदी शेवटच्या खंदकात, फसवणुकीने रूप बदलणारे ठेवले आहेत. तिथे जान्नी स्कीक्की पिसाळलेल्या जनावरासारखा धावत येतो आणि दुसऱ्या एका पाप्याच्या मानेत दात रोवतो. बुओझो दोनातीचं सोंग घेऊन, कळपातलं उत्तम जनावर मिळवण्यासाठी त्याने मृत्युपत्र केलं, एवढाच गुन्हा दान्ते सांगतो. जेमतेम काही ओळी. यावरून पुच्चिनीचा संहिताकार जोव्हाक्कीनो फोर्झानो याने पूर्ण नाटक रचलं. पण त्याच्यापुढे आणखी एक गोष्ट होती. दान्तेवर चौदाव्या शतकात एका अनामिक फ्लॉरेन्सवासीयाने भाष्य लिहिलं होतं आणि ते 1866 साली पिएत्रो फान्फानीने छापलं. त्या भाष्यात हा प्रसंग सविस्तर येतो. तिथे वारसदार अनेक नाहीत, एकटा सिमोने दोनाती आहे. आजारी बुओझोला मृत्युपत्र करायचं होतं, कारण दुसऱ्यांचं जे घेतलं ते परत द्यायला हवं असं त्याच्या मनाला लागलं होतं. सिमोने त्याला बोलण्यात गुंतवून टाळत राहिला, तोवर म्हातारा मेला. मग स्कीक्कीची युक्ती, बिछान्यातलं सोंग, चर्चला किरकोळ दान, आणि मधेच स्कीक्कीच्या नावे पाचशे फ्लोरिन. सिमोने पलंगाशी उभा राहून चडफडत राहतो.

हे भाष्य वाचल्यावर ऑपेराकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. फोर्झानोने ती मूळ बोच काढून टाकली आहे. त्याचा बुओझो साधूंना का देतो हे कुणी विचारत नाही आणि साधू तर रंगमंचावर येतही नाहीत. हसण्याच्या भरात आपण विसरतो की लुबाडले गेले ते नातेवाईक नव्हेत, ते साधू. आणि त्याहूनही जास्त लुबाडला गेला तो शेजारच्या खोलीत हलवलेला म्हातारा. त्याची शेवटची इच्छा हेच त्याचं शेवटचं बोलणं होतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडून रद्द झालं. मला वाटतं, दान्तेची कठोरता इथून समजते. मरणाऱ्याचं प्रायश्चित्त चोरणं हे त्याच्या लेखी गिरण्या चोरण्यापेक्षा मोठं पाप होतं. स्कीक्कीला मी हसून दाद देतो, तरीही त्याचा माफीचा अर्ज मला पूर्णपणे मान्य करता येत नाही.

दान्तेला ही हकीकत लांबची नव्हती. त्याची बायको जेम्मा ही दोनाती कुळातली. भाष्यातल्या सिमोनेची मुलं म्हणजे कोर्सो, फोरेसे आणि पिक्कार्दा. फोरेसे दान्तेचा मित्र. ‘पुर्गातोरियो’मध्ये, म्हणजे पापक्षालनाच्या लोकात, तो भेटतो. पिक्कार्दा ‘पारादीझो’मध्ये, म्हणजे स्वर्गात, भेटते, मठातून तिला घरच्यांनी जबरदस्तीने ओढून नेऊन लग्न लावलं होतं. आणि कोर्सो हा ‘काळ्या’ गटाचा पुढारी. त्याच्या गटाची सरशी झाल्यावर 1302मध्ये दान्तेला फ्लॉरेन्समधून हद्दपार केलं गेलं. कोर्सोला नरकाकडे फरफटत नेलं जाईल, हे दान्ते त्याच्याच भावाच्या तोंडून वदवतो. तीन सख्खी भावंडं, तीन लोक. स्कीक्कीने गायलेल्या निरोपगीताचं दुःख दान्तेने पुढे स्वतः भोगलं; त्याला फ्लॉरेन्स पुन्हा दिसलं नाही. तेव्हा या ऑपेरात शेवटी दान्तेचं नाव घेणं ही केवळ शोभा नाही. फिर्यादीचं नाव घेऊनच तिथे सूट मागितली जाते.

ही युक्ती रंगभूमीला पुन्हा पुन्हा सापडत आली आहे. फ्रान्समध्ये जाँ-फ्रान्स्वा रेन्यार याचं ‘ल लेगातेर युनिव्हर्सेल’ हे प्रहसन 1708 साली आलं. त्यात नोकर क्रिस्पँ मरणासन्न म्हाताऱ्याचं सोंग घेऊन नोटरींपुढे मृत्युपत्र सांगतो आणि म्हाताऱ्याच्या भाच्याच्या फायद्यासाठी आलेला हा नोकर स्वतःच्या आणि मोलकरणीच्या नावेही रक्कम लिहून घेतो. फरक एवढाच की तिथला म्हातारा मरत नाही. तो शुद्धीवर येतो आणि सगळे त्याला पटवतात की ग्लानीत तुम्हीच हे सांगितलंत. त्याआधी शतकभर, 1606च्या सुमाराला, बेन जॉन्सनच्या ‘व्होल्पोनी’त खोटा आजारी स्वतःच वारशाच्या आशाळभूतांकडून नजराणे उकळतो. या दोन्हींत वारशावर डोळा ठेवणारे आहेत, फसवणूक आहे, हशा आहे. पण कायद्याची भीती शस्त्र म्हणून वापरून दोषींनाच मूक करणं, हे स्कीक्कीसारखं कुठेही जुळून आलेलं नाही.

मराठी वाचकाला इथे महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ आठवणारच. 1985मध्ये विजया मेहतांनी ते रंगभूमीवर आणलं. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी गेले आहेत, तेरवीपर्यंतचे दिवस आहेत, आणि भास्कर, सुधीर, चंदू, प्रभा ही भावंडं जमली आहेत. तिथेही सुतक आणि वाटणी एकाच छपराखाली आहेत. पण एलकुंचवार वाड्याच्या बाजूने उभे राहून बघतात. भावंडं लोभी असली तरी ती आपली आहेत, खचत चाललेली आहेत. पुच्चिनी बाहेरून आलेल्याच्या बाजूने बघतो. दोनातींचा वाडा त्याच्या दृष्टीने रिकामा व्हायलाच हवा, तिथे नवं जोडपं यायला हवं. एकाच प्रसंगातून एका बाजूने शोकान्तिका निघते आणि दुसऱ्या बाजूने प्रहसन. कोणाच्या खांद्यावरून बघायचं यावर ते ठरतं.

‘जान्नी स्कीक्की’ सुटा लिहिलेला नव्हता. ‘इल त्रित्तिको’ या तीन एकांकी ऑपेरांच्या संचातला तो तिसरा. 14 डिसेंबर 1918 रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात संच पहिल्यांदा झाला. महायुद्ध संपून महिना जेमतेम उलटला होता. पुच्चिनी त्या प्रयोगाला गेला नाही. शीर्षकभूमिका जुझेप्पे दे लुका याची होती, लाउरेत्ता गायली फ्लोरेन्स ईस्टन. इटलीत 11 जानेवारी 1919 रोजी रोमच्या तेआत्रो कोस्तान्झीत प्रयोग झाला. तेव्हापासून लोकांना तिसरा तुकडाच जास्त आवडला आणि नाट्यगृहांनी संच फोडून तेवढाच दुसऱ्या एखाद्या लहान ऑपेराबरोबर लावायला सुरुवात केली. पुच्चिनीला याचं वाईट वाटलं. 2004मध्ये ग्लाइंडबोर्नने तो रखमानिनॉव्हच्या ‘कंजूष सरदारा’बरोबर जोडला, पैशासाठी बाप आणि मुलगा एकमेकांसमोर येतात ती गोष्ट. ही जोडी विचार करून केलेली होती. 2008मध्ये लॉस एंजेलिस ऑपेरासाठी वुडी ऍलनने तो बसवला.

तरीही मूळ संचच बघावा असं मी आग्रहाने सांगेन, आणि त्याला कारण मधला ऑपेरा, ‘सुओर आंजेलिका’. मठात सात वर्षं काढलेली एक जोगीण. तिच्या घरच्यांनी तिला तिथे टाकलं आहे, कारण लग्नाआधी तिला मूल झालं. एके दिवशी तिची मावशी, एक राजकन्या, भेटायला येते. भेटीचं कारण? धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आहे आणि आईवडिलांच्या इस्टेटीतला आपला वाटा सोडत असल्याच्या कागदावर आंजेलिकाची सही हवी आहे. मुलाबद्दल तिने विचारल्यावर मावशी सांगते की तो दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. मग कागद पुढे सरकवला जातो आणि ती सही करते. तासाभरात याच रंगमंचावर दुसरा कागद येतो, बुओझोच्या पलंगाशी, आणि त्यावर सगळं सभागृह हसतं. पहिल्या कागदात एका बहिणीचं सगळं गेलं आणि कुणी चोर नाही. कायद्याने सगळं रीतसर. दुसऱ्या कागदात चोरी धडधडीत आहे आणि आपण चोराच्या बाजूने टाळ्या वाजवतो. पुच्चिनीने हा क्रम विचारपूर्वक ठेवला होता. त्या दोन सह्यांमधल्या मध्यंतरात बसून काय वाटतं, ते सुटा तुकडा बघणाऱ्याला कळायचं नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर 1958चं ध्वनिमुद्रण घ्यावं. रोम ऑपेराचा वाद्यवृंद, संचालक गाब्रिएले सान्तिनी, आणि स्कीक्कीच्या भूमिकेत तितो गोब्बी. त्याने पलंगातून काढलेला बुओझोचा नाकातला आवाज आणि लगोलग, श्वास न मोडता, स्वतःच्या आवाजात दिलेला दम हे दोन्ही एकाच गळ्यातून येतात यावर विश्वास बसत नाही. व्हिक्टोरिया दे लोस आंजेलेस लाउरेत्ता गायली आहे. संहिता हाताशी ठेवून ऐकावं, आणि गिरण्यांच्या वाटणीशी आल्यावर पुस्तक बाजूला ठेवून फक्त नातेवाइकांचा कोरस कानाने शोधावा. तिथे सिमोने, झीता, बेत्तो सगळे एकाच वेळी ओरडायला तोंड उघडतात आणि प्रत्येकाचा सूर अर्ध्यावर तुटतो.